सुगरणीचा खोपा आणि पहिली-दुसरीचा वर्ग: चोपडा तालुक्यातलं एक प्रकरण

चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेची एक शाळा आहे. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, एकाच मॅडमकडे. वीस-बावीस मुलं. काहींच्या घरी अहिराणी, काहींच्या घरी पावरी, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. शाळेच्या तिन्ही बाजूंना केळी, कापूस आणि मका. मी त्या भागात साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शाळांत जाऊन शिक्षकांना मदत करायचं, काम करतो. दिवाळीच्या सुट्टीआधी या वर्गात मागे बसून मी ज्या नोंदी केल्या, त्यांवरून हे प्रकरण लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

परतीच्या पावसातल्या वादळात एका विहिरीवर झुकलेल्या बाभळीची फांदी मोडली. तिच्यावरचे सुगरणीचे तीन रिकामे खोपे दुसरीतल्या एका मुलाने दप्तरात कोंबून शाळेत आणले. मॅडमनी सगळ्यांत आधी विचारलं ते हे, की फांदी पडलेली होती की तू ओढून काढलीस. विचारणं गरजेचंच होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं. सुगरणीचा विणीचा हंगाम पावसाळ्यातला, त्यामुळे तो उलटल्यावर खाली पडलेला रिकामा खोपाच तेवढा वर्गात आणायचा, हा नियम त्या दिवशी फळ्यावर लिहिला गेला. जुन्या घरट्यांत बारीक किडे आणि धूळ असते, म्हणून खोपे व्हरांड्यात कडक उन्हात ठेवले आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे असं ठरलं.

मुलांकडून खोपे करून घ्यायची सोपी वाट समोर होती. फुगा फुगवायचा, त्यावर डिंकाने गवत चिकटवायचं, वाळलं की फुगा फोडायचा. दोन तासिकांत वीस खोपे तयार, सगळे सारखे, प्रदर्शनात मांडायला छान. मॅडमनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं असं, की त्यात मूल फक्त माझी सूचना ऐकतं, गवताकडे त्याचं लक्षच जात नाही.

पुढे जे घडलं ते सगळं या नकारातून घडलं, म्हणून तो इथे नोंदवतो.

खोप्याच्या आत

तीनपैकी एक खोपा कात्रीने उभा कापला. मुलांनी तो आतून कधीच पाहिलेला नव्हता. वरच्या फुगीर भागात एका बाजूला अंड्यांची खोली, दुसऱ्या बाजूला सरळ खाली उतरणारी नळी, आणि दोन्हींच्या मधे जाड विणीचा उंबरठा. पक्षी नळीतून खालून वर येतो आणि उंबरठा ओलांडून खोलीत उतरतो. वाऱ्याने खोपा कितीही झुलला तरी अंडी त्या उंबरठ्याला अडून राहतात. खोलीच्या भिंतींना आतून वाळलेल्या चिखलाचे लेप होते. एका मुलीने नखाने तो खरवडला आणि ‘ही आपल्या शेतातलीच काळी’ असं जाहीर केलं.

मॅडमनी माहिती थोडीच सांगितली, पण नेमकी. खोपा नर विणतो. पूर्ण व्हायला साधारण १८ दिवस लागतात आणि एका खोप्यासाठी तो पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. अर्धा झाला की खोपा उलट्या टोपासारखा दिसतो, खालून उघडा आणि मधे एक आडवी पट्टी. तीच पट्टी पुढे उंबरठा होते. या टप्प्यावर मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडला तरच नर तो पुरा करतो, आणि ती आत बसली की तो दुसऱ्या खोप्याच्या कामाला लागतो. हे सगळं १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सलीम अली यांनी रोज निरीक्षण करून नोंदवलं, हेही सांगितलं. ‘रोज नुसतं बघायचे?’ या प्रश्नाला मॅडमनी ‘बघायचे आणि लिहायचे’ एवढंच उत्तर दिलं.

मग काम दिलं: असा खोपा करायचा, की आत मातीचं अंडं ठेवून फांदी हलवली तरी अंडं पडणार नाही. डिंक नाही, सुतळी नाही, चिकटपट्टी नाही. मी अनेक शाळांतल्या हस्तकलेच्या तासिका पाहिल्या आहेत. इतक्या स्पष्ट अटीचं काम इतक्या लहान मुलांना दिलेलं क्वचितच पाहिलं. अट मोजकी असली की सहा वर्षांच्या मुलालाही आपलं जमलं की नाही हे स्वतःचं स्वतः कळतं, मोठ्यांकडे बघावं लागत नाही.

पट्टी निघते कशी

सुगरण गवताच्या पात्याला बुडाशी चोचीने खाच पाडते, ते टोक धरते आणि उडते. पातं उभं फाटत जातं आणि वीस ते साठ सेंटिमीटरची पट्टी हातात, म्हणजे चोचीत, येते. मुलांनी चोचीच्या जागी नख वापरलं. गवताची पट्टी निघाली. मक्याची निघाली, पण कड खरखरीत, एका मुलाच्या बोटाला ओरखडा आला, तेव्हापासून मका फक्त मोठ्यांनी फाडायचा असं ठरलं. केळीच्या पानाने गंमत केली. देठापासून टोकाकडे ओढलं तर ते ऐकेना. आडवं मात्र सरसर फाटत गेलं. कडुनिंबाचं आणि सागाचं पान तर कुठूनही ओढलं तरी वेडंवाकडंच फाटलं.

मॅडमनी पानं खिडकीच्या काचेला लावली, उजेडासमोर. गवताच्या शिरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर. केळीच्याही समांतर, पण मधल्या दांड्यापासून कडेकडे जाणाऱ्या. सागाच्या शिरांचं जाळं. कुणीही एकदल-द्विदल म्हटलं नाही. दुसरीतल्या मुलीने मात्र नियम सांगितला: ‘रेषा जिकडे जातात तिकडेच फाटतं.’ मॅडमनी तो तिच्या नावासह फळ्यावर लिहिला आणि वर्गाने बाहेर जाऊन आणखी पानांवर तपासला. शिंदीवर खरा ठरला, बांबूवर खरा ठरला. पिंपळावर काय म्हणायचं यावरून वाद झाला. हा वाद मॅडमनी मिटवला नाही.

तुटी गयं

विणायला बसल्यावर वर्गाचा सूर बदलला. आदल्या दिवशी काढलेल्या पट्ट्या रात्रीत वाळल्या होत्या. वाकवल्या की मोडायच्या. ‘मॅडम, तुटी गयं!’ हे वाक्य त्या तासिकेत इतक्या वेळा आलं, की मी मोजणं सोडलं. दोन मुलं रडकुंडीला आली. एकाने गुपचूप खिशातली सुतळी काढली.

इथे शिक्षकाची खरी कसोटी असते. मदत करावी तर मूल हातावर हात ठेवून बसतं, आणि करू नये तर ते काम सोडून देतं. मॅडमनी काही सांगितलं नाही आणि वाऱ्यावरही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मधोमध तीन गोष्टी ठेवल्या: नुकत्याच कापलेल्या हिरव्या गवताची पेंढी, केळीच्या वाळलेल्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ढीग, आणि पाण्याने भरलेली बादली. बादली कशाला, हे विचारणाऱ्याला ‘राहू दे, लागली तर लागेल’ असं सांगितलं.

बहुतेक मुलं हिरव्या गवताकडे धावली. ते वाकत होतं, मोडत नव्हतं. सोपटाकडे कुणी फिरकलं नाही, कारण ते कोरडं आणि तडतड मोडणारं. अर्ध्या तासाने पहिलीतल्या एका मुलाने हात धुताना सोपटाची पट्टी बादलीत टाकली आणि विसरला. काढली तेव्हा ती बोटाभोवती गुंडाळता आली. ‘हाई ओलं शे, म्हनीसन वाकस,’ असं तो शेजारच्याला म्हणाला. पाच मिनिटांत बादलीभोवती गर्दी झाली.

कारण सोपं आहे. वनस्पतीच्या तंतूंमध्ये पाणी शिरलं की तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, म्हणून पट्टी वाकते. पाणी गेलं की तेच तंतू एकमेकांना घट्ट धरतात, मग वाकवलं की मोडतात. पण हे वाक्य वर्गात त्या दिवशी बोललं गेलं नाही, आणि ते योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. आधी हात ओले झाले पाहिजेत, वाक्य नंतर.

सोमवारी काय दिसलं

शनिवारी अर्धी शाळा झाली आणि खोपे खिडकीत टांगून मुलं घरी गेली. या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट सोमवारी सकाळी घडली. हिरव्या गवताचे खोपे सैल पडले होते. शनिवारी घट्ट असलेली वीण सोमवारी बोटाने सरकत होती, दोन तर उलगडून खाली पडले होते. भिजवलेल्या सोपटाचे मात्र जसेच्या तसे, उलट जास्त कडक.

मुलांना हे पटेना. शनिवारी तर उलटंच होतं! हिरवं चांगलं, कोरडं वाईट. मॅडमनी हिरव्या गवताची एक ताजी पट्टी आणि परवाची एक पट्टी शेजारी ठेवायला सांगितलं. परवाची अरुंद झाली होती, कडा आत वळलेल्या. हिरव्या पट्टीत पाणी भरपूर असतं. ते गेलं की ती आक्रसते आणि वीण ढिली होते. सोपट आधीच वाळून आक्रसून चुकलेलं असतं. भिजवल्यावर ते फक्त तात्पुरतं नरम होतं, पुन्हा वाळल्यावर फार आक्रसत नाही. टोपल्या, चटया विणणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. फुलांचे हार करणारेही वाळलेलं सोपट भिजवूनच गाठी मारतात.

मग पहिलीतल्या मुलीने जो प्रश्न विचारला, तो मी माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केला आहे: ‘मग त्या पक्ष्याचा का नाही सुटत? तो तर हिरवंच घेतो.’

मॅडमनी उत्तर दिलं नाही. कापलेला खोपा पुन्हा मधे ठेवला. मुलांनी चिमट्याने पट्ट्या ओढून पाहिल्या. त्यांना दिसलं ते असं: पक्ष्याच्या पट्ट्या त्यांच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी बारीक आहेत. एकेक पट्टी चार-पाच ठिकाणी आरपार गेलेली आहे. वरची जोडणी तर इतकी गच्च, की चिमटा आत जाईना. आणि कडा खरखरीत असल्याने ओढली तरी अडकते. ‘आपण एकदाच घालतो, तो लई वेळा घालतो,’ हा वर्गाचा निष्कर्ष. पाचशे फेऱ्यांचा अर्थ मुलांना तेव्हा लागला. पहिल्या दिवशी तो नुसता मोठा आकडा होता.

याच वेळी मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी रडकुंडीला आलेल्या त्या दोघांसाठी होती. निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्याने आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की ज्या पिल्लांना लहानपणी विणायला गवतच मिळालं नाही, त्यांना मोठेपणी सुरुवातीला एक पट्टीही नीट ओवता आली नाही. सराव मिळाल्यावर ते सुधारले. म्हणजे पक्ष्यालाही पहिल्याच दिवशी सगळं येत नाही.

बाज विणणारे नाना

एका मुलाचे आजोबा, गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, अजून बाज विणतात. मॅडमनी त्यांना बोलावलं. ते आले, मुलांचे खोपे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, ‘पाण्यात भिजू द्या ताई, मग ते ऐकतं.’ मुलं एकदम ओरडली, ‘आमाले माहीत शे!’ नानांना आश्चर्य वाटलं आणि आनंदही. मग त्यांनी एक वर-एक खाली ही वीण दाखवली, आणि ताण का सारखा ठेवायचा ते. एका बाजूने जास्त ओढलं की बाज झोळ खाते, खोपाही खातो.

तासाभरात नाना परत गेले, पण त्यांच्या नातवाची वर्गातली जागा बदलली. वाचनात मागे असलेला हा मुलगा पुढचे दोन दिवस इतरांच्या विणीतला ताण तपासत फिरत होता. ‘तासिकेत गप्प बसतो’ एवढीच ज्याची नोंद होती, त्याच्याबद्दल मॅडमनी वहीत अर्धं पान लिहिलं.

अंड्याची चाचणी

सुगरणीची अंडी दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि पांढरी असतात, एका वेळी दोन ते चार. मुलांनी शाडूची तेवढीच अंडी वळून वाळवली. खोपे कडुनिंबाच्या खालच्या फांदीला लटकवले. फांदी आधी हळू हलवायची, मग जोरात, आणि प्रत्येक वेळी दहा मोजायचे. अंडं पडलं की त्या खोप्यापुढे कोळशाने फुली.

चार-पाचच खोप्यांनी जोराचा झोका सोसला. त्या सगळ्यांत उंबरठा होता. नळी कुणालाच पूर्ण जमली नाही. एका गटाने विणकामच सोडून सोपटाच्या वाटीला आतून चिखल लिंपला होता. त्यांचं अंडं अजिबात हललं नाही, पण खोपा जड होऊन त्याची वरची गाठच सुटली. त्या गटाने दुसऱ्या फेरीत चिखल फक्त तळाला लावला, आणि ते टिकलं. मी असतो तर त्यांना आधीच थांबवलं असतं का, याचा विचार मी पुष्कळ केला. थांबवलं असतं तर वजन कुठे ठेवायचं हा धडा त्यांना मिळाला नसता.

मोजणी, तुलना, ‘जास्त-कमी’, ‘आत-बाहेर’, ‘मधे-कडेला’ हे सगळं या चाचणीत आपोआप आलं. मुख्याध्यापकांना वाचनाच्या तासिकांची काळजी होती, आणि ती रास्त होती, कारण दुसरीनंतर वाचन मागे राहिलेलं मूल तिसरीत आणखी मागे पडतं. म्हणून मॅडमनी चाचणीचा तक्ता आणि मुलांनी सांगितलेले नियम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले आणि वाचनाचा पाठ त्या आठवड्यात त्यावरच घेतला. ‘रेषा जिकडे जातात तिकडेच फाटतं’ हे वाक्य आपल्याच वर्गातल्या मुलीचं आहे म्हटल्यावर अडखळत वाचणारेही ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

जे जमलं नाही

कापूस वेचणीचे दिवस. तीन मुलं आईवडिलांबरोबर शेतात जात असल्याने मधूनमधून गैरहजर राहिली. त्यांना सोमवारचा बदल दिसलाच नाही, आणि नंतर तोंडी सांगून तो कळत नाही. यातल्या एका मुलीने घरून कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीची साल आणली, दोरीसारखी ओढून निघणारी. तिच्यावर काम करायला वेळच उरला नाही. माझ्या मते ती वाट सोपटापेक्षाही चांगली ठरू शकते. पालकांपैकी दोघांनी गणवेशावरच्या डागांबद्दल तक्रार केली. ताज्या केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही, म्हणून नंतर फक्त वाळलेलं सोपट वापरलं गेलं.

या प्रकरणाकडे मी कसं पाहतो

महाराष्ट्रात परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय तिसरीपासून येतो. त्यामुळे पहिली-दुसरीत विज्ञान म्हणजे कार्यानुभवाच्या तासिकेत कागदाचं फूल, अशी समजूत मुरलेली आहे. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरतं आणि खेळ, कृती यांवर भर देतं. पण आपल्याकडे याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी आसपासच्या बिया, माती, पानं हेच शिक्षणाचं साहित्य केलं.

या वर्गातलं यश मला मॅडमच्या बोलण्यात दिसत नाही, ते त्यांच्या निवडीत दिसतं. हिरवं गवत आणि वाळलेलं सोपट शेजारी ठेवलं, पाणी जवळ ठेवलं, मधे एक सुट्टीचा दिवस जाऊ दिला. या जोडीत उत्तर दडलेलं होतं, आणि ते दोनदा उलटंपालटं होणार हे त्यांनी घरी करून आधीच पाहिलं होतं. लहान मुलांबरोबर कृती घेताना शिक्षकाची तयारी म्हणजे भाषणाची नव्हे, साहित्याची. कोणती दोन साधनं शेजारी ठेवली तर मुलाला फरक स्वतः दिसेल, याचा शोध घेण्यातच तास जातात.

दुसऱ्या शाळेने करायचं झाल्यास

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात सोपट मुबलक आहे, नंदुरबारच्या डोंगराकडे बांबू आणि शिंदी मिळेल. साहित्य मोठ्यांनीच गोळा करावं. केळीच्या बागेत आणि गंजीत साप असतात, आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतातलं काहीही वर्गात येऊ नये, कापसाच्या शेतातलं तर नाहीच. सोपट वापरण्याआधी धुऊन वाळवावं. पहिलीच्या मुलांसाठी पट्ट्या हाताच्या वितीएवढ्या ठेवाव्यात, लांब पट्टीचा गुंता होतो.

मॅडमना पुढच्या वर्षी हे जूनमध्ये सुरू करायचं आहे, म्हणजे टोपासारख्या अवस्थेपासून चालू खोप्याची रोज नोंद ठेवता येईल. आपल्याकडे खोपे बहुतेक विहिरीवर झुकलेल्या बाभळींनाच असतात आणि शेतातल्या पुष्कळ विहिरींना कठडा नसतो. म्हणून निरीक्षणाची जागा विहिरीपासून दूर, दोरी बांधून आखलेली आणि एक मोठं माणूस कायम हजर अशी ठरवली आहे. शेतमालकाशी बोलणं झालं आहे. दुर्बीण मिळाली नाही तर लांबूनच, रोज एकाच वेळी, खोप्याचं चित्र काढायचं.